गळावरील डोळा



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा भरतो व लहान मुलें आपापले लांकडी बैल सजवून मिरवितात, हें तुम्हांस सांगावयास नको. सुतारानें बैल घडविला, चाकें लाविलीं, शिंगें बसविलीं, तरी तो लांकूडच राहतो. मग कुंचला बुडवून दोन बाजूंस दोन डोळे काढले, कीं तोच ठोकळा आपणांकडे पाहूं लागतो. रायगड जिल्ह्यांत पेण येथें गणपतीच्या मूर्ति घडविणारे कारागीर डोळे रेखण्याच्या या कामास ‘आखणी’ म्हणतात. अंगाचा रंग शिकाऊ हातानें दिला तरी चालतो, परंतु डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच सोंपविली जाते. डोळ्यावांचून आकृति निर्जीव, डोळा आला कीं सजीव, असा मनुष्याचा जुना अनुभव आहे.

आजच्या पाठाचा विषय याच अनुभवाशीं निगडित आहे. मात्र येथें पाहणारा मनुष्य नसून मासा आहे. गळाच्या ज्या कृत्रिम आमिषास ‘जिग’ म्हणतात, त्यावर घरच्या घरीं डोळा कां रंगवावा, कसा रंगवावा, आणि त्याचा उपयोग खरोखर होतो कीं नाहीं हें कसें पडताळावें, हे तीन प्रश्न आपण क्रमानें घेऊं. दोन ठिपक्यांचा तो काय पाठ, असें कोणास वाटेल. परंतु त्या दोन ठिपक्यांत प्रकाशशास्त्र आहे, प्राणिशास्त्र आहे, थोडें गणितही आहे. आणि एक इशारा आहे, जो न ऐकल्यास घरांतील लहान मुलांस आयुष्यभराची इजा होऊं शकते.

जिग म्हणजे काय?

वलगांवच्या मुलांस पेढी नदी नवी नाहीं. ती आपल्या गांवाजवळून वाहत जाऊन पुढें पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस मिळते, व तापी सुरतेच्या बाजूस अरबी समुद्रांत शिरते. भोई बांधवांचा मासे धरण्याचा परंपरागत धंदा जाळ्याचा. मुलांचा खेळ मात्र गळाचा. एक काठी, दोरी, दोरीच्या टोंकास गळ, गळास गांडूळ, आणि वर तरंगणारा बोरूचा तुकडा, एवढें साहित्य पुरे होतें. या रीतींत गांडुळाचा वास व चव निम्मेंअधिक काम करितात.

जिगची रीत निराळी आहे. तींत गळाच्या दांड्यावर, डोक्याच्या जागीं, एक लहान जड गोळा बसविलेला असतो, व मागें पिसें किंवा रेशमाचे धागे बांधलेले असतात. जिग पाण्यांत टाकून दोरीस हलके झटके दिले, कीं ती वर उसळते व पुन्हां खालीं बसते. पिसें मिटतात व पसरतात. शिकारी माशास तें पोहणारें पिलूं वाटतें. येथें वास नाहीं, चव नाहीं. सर्व कारभार दिसण्याचा व हालचालीचा. म्हणून माशास काय दिसतें याचा विचार न करितां जिग रंगविणें म्हणजे पत्ता न लिहितां पत्र टाकण्यासारखें होय.

मासा कसा पाहतो?

मनुष्याच्या डोळ्यांत प्रकाशकिरण वळविण्याचें बरेंचसें काम डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडदा करितो. पाण्यांत मात्र हा पडदा निरुपयोगी होतो. कारण किरण वळविण्याची त्याची शक्ति व पाण्याची शक्ति जवळजवळ सारखी आहे. म्हणूनच बुडी मारून डोळे उघडले असतां आपणांस सर्व अंधुक दिसतें. माशाच्या डोळ्यांत हें काम एकट्या भिंगास करावें लागतें. त्यामुळें त्याचें भिंग आपल्या भिंगासारखें चपटें नसून गोटीसारखें वाटोळें असतें. शिजलेल्या माशाच्या डोळ्यांतून जी पांढरी टणक गोळी निघते, ती हेंच भिंग होय. जवळचें व दूरचें पाहतांना आपल्या भिंगाचा आकार बदलतो. बहुतेक मासे भिंगाचा आकार न बदलतां तें पुढें-मागें सरकवितात, जसें छायाचित्रकार आपल्या यंत्राचें भिंग सरकवितो तसें.

माशांस आपल्यासारख्या मिटणाऱ्या पापण्या नाहींत. संस्कृतांत ‘अनिमिष’ या एकाच शब्दाचे देव आणि मासा असे दोन अर्थ होतात, ते या न मिटणाऱ्या डोळ्यामुळेंच. डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें माशास दोहों बाजूंचा पुष्कळ प्रदेश एकाच वेळीं दिसतो. दोन्ही डोळ्यांनीं मिळून दिसतो तो समोरचा अरुंद पट्टा. शिकारीवर झडप घालतांना अंतर अजमावण्यास तो उपयोगी पडतो.

आतां पाण्याचा विचार करूं. स्वच्छ पाणी प्रथम तांबडा प्रकाश गिळतें. त्यामुळें खोलांत गेलेली तांबडी वस्तु काळपट दिसूं लागते. गढूळ पाण्यांत मातीचे कण प्रकाश चोहोंकडे विखुरतात, व कांहीं वितींपलीकडे सर्व एकरूप होतें. वऱ्हाडची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यांत ती माती ओढ्यानाल्यांनीं नदींत उतरते व पेढीचें पाणी चहासारखें होतें. कार्तिक-मार्गशीर्षांत तेंच पाणी निवळूं लागतें. हा भेद ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

डोळ्यावांचून माशापाशीं आणखी एक इंद्रिय आहे. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते. ती नक्षी नव्हे. तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्या सूक्ष्म छिद्रांच्या आंत पाण्याची हालचाल ओळखणारे अवयव असतात. काळोखांत व गढुळांत मासा तिच्या बळावर वावरतो. शिंगाळ्यासारखे मिशाळ मासे तर मिशांनींच चव घेत तळ चाचपतात. अशा माशासाठीं कितीही सुबक डोळा रंगविला, तरी तें पालथ्या घड्यावर पाणी होय.

डोळाच कां?

झाडावरील पक्ष्यावर नेम धरलेल्या अर्जुनास द्रोणाचार्यांनीं काय दिसतें असें विचारलें, तेव्हां त्यास पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसत होता, अशी कथा लोकांच्या तोंडीं आहे. पुढें द्रौपदीच्या स्वयंवरांत त्यानें भेदला तोही माशाचाच डोळा. कथा धनुर्धराची असली, तरी शिकारी माशाची दृष्टि पुष्कळ अंशीं अशीच असते. याचीं कारणें दोन.

पहिलें कारण असें, कीं डोळ्यासारखी आकृति पाण्यांत दुसरी सहसा नसते. शेवाळ, खडे, कुजलेलीं पानें यांचे आकार वेडेवांकडे. त्यांत फिक्या वर्तुळाच्या मध्यभागीं काळें वर्तुळ दिसलें, कीं तेथें कांहीं सजीव आहे हें समजतें. दुसरें कारण असें, कीं डोळा हा भक्ष्याचें डोकें कोठें आहे व तें कोणत्या दिशेस पळेल याची खूण आहे. मासे खाणारे पुष्कळसे मासे आपलें भक्ष्य डोक्याकडून गिळतात, म्हणजे त्याच्या परांचे कांटे मागें मिटून घशांत रुतत नाहींत. तेव्हां डोळा शोधणें हें त्यांच्या पोटाचें काम आहे.

याच कारणानें सृष्टींत खोटे डोळेही उत्पन्न झाले आहेत. आपल्या नद्यांतील मोठ्या जातीच्या मरळ माशाकडे पाहा. त्याच्या शेपटीच्या बुडाशीं, विशेषतः लहान वयांत, फिक्या कडेचा काळा वाटोळा ठिपका असतो. खरा डोळा पुढें व खोटा मागें! शत्रूचा घाव डोक्यावर न पडतां शेपटीवर पडावा, हा अशा ठिपक्यांचा एक उपयोग मानितात. कित्येक फुलपांखरांच्या पंखांवरही असेच डोळे असतात. फिनलंड देशांतील संशोधकांनीं या कल्पनेची परीक्षा केली व आपला निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं स्टिकलबॅक नांवाच्या लहान माशांपुढें कृत्रिम भक्ष्य ठेविलें. त्यावर डोळ्यासारखा ठिपका असला, कीं माशांचे हल्ले त्या ठिपक्याकडे वळत, असें आढळून आलें. जिगवर डोळा रंगविणारा मनुष्य सृष्टीचीच ही युक्ति उलट बाजूनें वापरतो. सृष्टि घाव चुकविण्यासाठीं डोळा रंगविते; तो घाव गळावर यावा म्हणून रंगवितो.

डोळ्याची दुसरी शक्ति भय घालण्याची आहे, आणि तिचा एक प्रयोग आपल्या पाठास फार उपयोगी आहे. आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशांत ओकावांगोच्या प्रदेशांत सिंह व बिबटे गुरें मारीत. मेळघाटाच्या पायथ्याच्या गुराख्यास हें दुःख परकें वाटणार नाहीं. तेथें संशोधकांनीं चार वर्षें १४ कळपांतील २,०६१ गुरांवर प्रयोग केला; तो २०२० सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं गुरांच्या पुठ्ठ्यांवर मोठाले डोळे रंगविले, कांहींच्या पुठ्ठ्यांवर नुसत्या फुल्या काढल्या, व कांहीं तशींच ठेविलीं. न रंगविलेल्या ८३५ गुरांपैकीं १५ मारलीं गेलीं. फुलीच्या ५४३ पैकीं ४. आणि डोळ्यांच्या ६८३ पैकीं एकही नाहीं. दबा धरून येणाऱ्या श्वापदास आपण पाहिले गेलों असें वाटलें, कीं तें माघार घेतें.

येथें चतुर विद्यार्थी विचारील, एके ठिकाणीं डोळा शिकाऱ्यास बोलावतो व दुसरे ठिकाणीं पिटाळतो, हें कसें? उत्तर आकारमानांत आहे. शिकाऱ्याहून मोठा डोळा म्हणजे पाहारेकरी. त्याच्या तोंडांत मावेल एवढ्या प्राण्याचा डोळा म्हणजे घास. दोहोंतही डोळा सांगतो तें एकच: येथें जीव आहे. दुसरी गोष्ट त्या फुल्यांची. संशोधकांनीं फुल्या कां काढल्या असाव्या? याचा विचार वाचकांनीं मनांत करावा. उत्तर पुढें येईल.

शिशाविषयीं इशारा

बाजारांतील पुष्कळशा जिगांचें डोकें शिशाचें असतें. शिसें पाण्याच्या ११.३ पट जड आहे, व अवघ्या ३२७ अंश उष्णतेस वितळतें. म्हणजे घरच्या चुलीवरही वितळतें. म्हणूनच तें घरीं ओतण्याचा मोह होतो, व कोणी जुन्या बॅटरीच्या पत्र्यांतून शिसें काढूं पाहतो. पालकांस आग्रहाची विनंति आहे कीं, त्यांनीं हें घरांत मुळींच होऊं देऊं नये. वितळलेल्या शिशाचा धूर व त्यावर येणाऱ्या राखेची पूड हातांस, कपड्यांस, भांड्यांस चिकटते व श्वासावाटे आणि अन्नावाटे पोटांत जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ती बाधक आहे, आणि झालेली हानि भरून येत नाहीं. रक्तांत अमुक इतकें शिसें असल्यास भय नाहीं, अशी कोणतीही मर्यादा ठाऊक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. बॅटरीच्या पत्र्यांत शिशाबरोबर जळजळीत आम्लही असतें.

जलचरांसही हें विष सोडीत नाहीं. इंग्लंडांत हंस अन्न दळण्यासाठीं बारीक खडे गिळीत, व त्यांबरोबर तळांत पडलेल्या शिशाच्या गोळ्याही गिळीत. त्यांचे मृत्यु पाहून तेथें १९८७ पासून गळाच्या लहान शिसोळ्यांवर कायद्यानें बंदी आली. तेव्हां आपण शिशाची वाट सोडून लोखंडाच्या वाटेनें जाऊं. लोखंड पाण्याच्या सुमारें ७.८ पट जड असल्यामुळें तेवढ्याच वजनास जागा दीडपट लागते. हा तोटा नव्हे. डोळा रंगविण्यास तेवढा मोठा गाल मिळतो.

कृति

साहित्य: मध्यम आकाराचा गळ, लहान लोखंडी नट, दोन भाग मळून वापरावयाचें इपॉक्सीचें लुकण, पॉलिश कागद, पांढरा, पिवळा, हिरवा व काळा ऑइल पेंट, रोगण, एक खिळा, एक टाचणी, मजबूत दोरा, व कोंबड्याच्या मानेचीं पिसें.

(१) प्रथम गळाच्या अणीवर बुचाचा तुकडा खोंचावा. काम संपेपर्यंत तो काढूं नये. नट दांड्यावर ओंवून नेढ्याजवळ दोऱ्यानें घट्ट बांधावा. नेढें मोकळें राहिलें पाहिजे.

(२) हातांत रबरी मोजे घालून लुकणाचे दोन्ही भाग सारखे मळावे व नटाभोंवतीं लिंपून माशाच्या डोक्याचा आकार द्यावा: पुढें निमुळता, दोन्ही गाल किंचित् चपटे. वाटोळ्या गालावर ठिपका ओघळतो, चपट्यावर बसतो. एक दिवस वाळूं द्यावें.

(३) पॉलिश कागदानें घांसून पांढऱ्या रंगाचे दोन पातळ हात द्यावे. मग पाठ काळपट हिरवी करावी व पोट पांढरें ठेवावें. नदींतील बहुतेक माशांचा रंग असाच असतो.

(४) डोळा काढण्यापूर्वीं खरा डोळा पाहून यावा. आठवड्याच्या बाजारांत ताजा मासा घेतांना घरांतील जाणतीं माणसें त्याचा डोळा व कल्ले पाहतात. ताज्या माशाचा डोळा फुगीर, स्वच्छ व काळाभोर असतो. शिळ्या माशाचा खोल गेलेला व धुरकट. आपणांस ताज्या माशाचा डोळा काढावयाचा आहे. काळें बुबुळ किती वाटोळें असतें, त्याभोंवतींची रुपेरी अथवा सोनेरी कड किती रुंद असते, व डोळा तोंडापासून किती अंतरावर असतो, हें वहींत रेखून घ्यावें.

(५) आतां आखणी. कुंचला बाजूस ठेवावा. कुंचल्यानें दोन सारखीं वर्तुळें काढणें अवघड आहे. खिळ्याचें डोकें हेंच आपलें साधन. झांकणांत पिवळ्या रंगाचा पातळ थर घेऊन त्यांत खिळ्याचें डोकें टेंकवावें, व जिगच्या गालावर सरळ उभें टेंकवून सरळ वर उचलावें. ओढूं नये, फिरवूं नये. आधीं कागदावर वीस ठिपके काढून हात बसवावा. ठिपका जिगच्या डोक्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असावा. हें प्रमाण मोठें वाटेल. परंतु लहान पिलांचे डोळे त्यांच्या अंगाच्या मानानें मोठेच असतात, आणि जिग हें पिलाचेंच सोंग आहे.

(६) दुसऱ्या दिवशीं, पिवळा ठिपका पूर्ण वाळल्यावर, टाचणीच्या डोक्यानें मधोमध काळें बुबुळ टेंकवावें. बुबुळाची रुंदी पिवळ्या ठिपक्याच्या निम्म्याहून थोडी अधिक असावी. मग जिग समोरून धरून दोन्ही डोळे एका उंचीवर आहेत कीं नाहींत, हें पाहावें.

(७) कांहीं कारागीर बुबुळावर चकाकीसाठीं एक पांढरा बिंदु काढतात. मूर्तीच्या डोळ्यांत तो शोभतो. जिगवर मात्र तो मनुष्याच्या समाधानासाठींच. कारण ओल्या डोळ्यावर चकाकी दिसते ती हवेंत. पाण्यांत डोळ्याचा पडदा व पाणी यांची शक्ति सारखी असल्यामुळें, वर सांगितल्याप्रमाणें, तेथें किरण वळत नाहींत, तसे फारसे परतही फिरत नाहींत.

(८) दोन दिवसांनीं रोगणाचा एक पातळ हात द्यावा. घाई केल्यास काळा रंग पिवळ्यांत पसरतो व डोळा आलेल्या मनुष्यासारखी जिग दिसूं लागते! शेवटीं पिसें बांधावीं.

पिवळ्यावर काळा कां, तर या जोडींत उजेड-अंधाराचा भेद फार ठळक दिसतो. कोंकण किनाऱ्यावर मिळणाऱ्या माकूळाची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. जपानांत माकूळ धरण्यासाठीं कोळंबीच्या आकाराची ‘एगी’ नांवाची जिग फार वर्षांपासून वापरतात, व तिचे हल्लींचे नमुने नाना रंगांत मिळतात. माकूळाच्या जातीच्या बहुतेक प्राण्यांस तर रंग ओळखतां येत नाहींत. त्यांस दिसतो तो फिक्या-गडदाचा भेद. रंगांची नवलाई दुकानांत जिग विकण्यास अधिक उपयोगी पडते. पाण्यांत काम करितो तो भेद.

कोणासाठीं व केव्हां?

जिग ही सर्व माशांसाठीं नव्हे. कटला पृष्ठभागाजवळील सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मुख्यतः वनस्पति खातो, मृगळ तळांतील कुजका गाळ खातो. त्यांस पिलाचें सोंग दाखवून काय होणार? मरळ मात्र पिलें व बेडूक यांवर झडप घालणारा. महाशीरही हलणाऱ्या आमिषावर धांवतो. महाशीर मेळघाटांतील नद्यांचा रहिवासी आहे. परंतु तेथील राखीव वनांत मासे धरण्यास मनाई आहे, हें विसरूं नये.

काळाविषयीं म्हणाल, तर पाणी स्वच्छ असेल तेव्हांच डोळ्याचा उपयोग. स्वच्छता मोजण्याची एक सोपी रीत १८६५ सालीं इटलींतील खगोलशास्त्रज्ञ सेक्की यांनीं काढली. पांढरी थाळी दोरीस आडवी बांधून पाण्यांत सोडावी, व ती दिसेनाशी होईल तेथें दोरीस गांठ मारावी. गांठीपासून थाळीपर्यंतचें अंतर मोजून लिहावें. श्रावणांत तें वीतभरही भरणार नाहीं. पौषांत किती भरतें, तें तुम्हींच पाहा. पुलावरून वांकून अगर खोल पाण्यांत उतरून हें करूं नये. काठावरून लांब काठीस थाळी बांधून करावें, व मोठें माणूस बरोबर असावें.

पडताळा

इतकें सर्व सांगितल्यावर एक प्रश्न उरतो: डोळा रंगविल्यानें मासे खरोखर अधिक लागतात काय? जिग करणारे बहुतेक लोक होय म्हणतात. कित्येक हंसून म्हणतात, कीं तो डोळा मासे धरण्यासाठीं नसून गिऱ्हाईक धरण्यासाठीं असतो. हेन्री सलिव्हन टॉमस यांनीं १८७३ सालीं ‘द रॉड इन इंडिया’ हा गळाच्या शिकारीवरील ग्रंथ लिहिला. त्यांत महाशीरासाठीं चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाचा विचार आहे. चमच्यास डोळा नसतो. तो फिरतो व चमकतो, एवढेंच. तरीही मासा त्यावर धांवतो. म्हणजे हालचाल व चमक यांचा वांटा मोठा आहे, आणि डोळा हा सर्वस्व नव्हे. मग त्याचा वांटा किती, हें वादानें ठरणार नाहीं, मोजून ठरेल.

त्यासाठीं तीन जिगा कराव्या: वजन एक, गळ एक, रंग एक, पिसें एक. पहिलीस डोळे काढावे. दुसरीस कांहीं काढूं नये. तिसरीस, डोळ्याच्या जागीं, त्याच पिवळ्या-काळ्या रंगाची फुली काढावी. फुली कां, याचें उत्तर आतां मिळेल. डोळ्याची जिग जिंकली, तर कोणी म्हणेल, तो डोळ्याचा गुण नव्हे, ठळक रंगाचा गुण आहे. फुलींत रंग तोच आहे, डोळा मात्र नाहीं. फुली हरली व डोळा जिंकला, तरच श्रेय डोळ्याचें. बोट्स्वानांतील गुरांवर फुल्या काढल्या त्या याचसाठीं.

दहा वेळां पहिली, दहा वेळां दुसरी, दहा वेळां तिसरी, पुन्हां पहिली, अशी पाळी ठेवावी. एक जिग सकाळीं व दुसरी दुपारीं वापरल्यास तुलना जिगांची न होतां वेळांची होईल. वहींत तारीख, वेळ, थाळीचें अंतर, किती फेंका झाल्या व किती वेळां ओढ बसली, हें त्याच ठिकाणीं लिहावें; घरीं येऊन आठवून लिहूं नये. आठवण ही आवडत्या जिगचा पक्ष घेते.

आतां गणित. समजा, दोनच जिगांची तुलना केली व पांच मासे लागले. त्यांपैकीं चार डोळ्याच्या जिगेस. डोळा जिंकला काय? नाणें पांच वेळां उडवून पाहा. छाप-कांट्यांचे एकंदर ३२ प्रकार होतात. त्यांपैकीं १२ प्रकारांत चार किंवा पांच वेळां एकच बाजू पडते. म्हणजे दोन्ही जिगा अगदीं समान असल्या, तरीही आठांत तीन वेळां असा एकतर्फी निकाल नुसत्या योगायोगानें लागेल. तेव्हां पांच माशांवरून निकाल देऊं नये. वर्गांतील दहा मुलांनीं सारख्या जिगा करून हिवाळाभर नोंदी ठेविल्या व त्या एकत्र केल्या, तर कांहीं बोलतां येईल.

मर्यादा

एक गोष्ट शेवटीं, परंतु महत्त्वाची. पावसाळ्यांत मरळ माशाचीं पिलें पृष्ठभागाजवळ थव्यानें फिरतात, व आईबाप खालून त्यांची राखण करितात. अशा वेळीं थव्याजवळ पडणाऱ्या कोणत्याही वस्तूवर ते तुटून पडतात. भुकेनें नव्हे, पिलांच्या काळजीनें. तेथें गळ टाकणें फार सोपें आहे, आणि म्हणूनच तें करूं नये. राखणदार गेला, कीं थवा इतर माशांच्या तोंडीं जातो; एका माशाबरोबर शेंकडों बुडतात. थवा दिसला, कीं दोरी गुंडाळावी.

याच पेढीच्या कांठीं, वलगांवाजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजीं संत गाडगे महाराजांनीं देह ठेविला. देवाच्या नांवानें होणाऱ्या पशुहत्येस त्यांनीं जन्मभर विरोध केला. ज्यांच्या घरीं मासे खातात, त्यांच्या मुलांनींही या कांठावर जेवणापुरतेंच घ्यावें, लहान मासे ओल्या हातानें धरून परत सोडावे, आणि तुटलेली दोरी अगर गळ कांठावर टाकूं नये. त्यांत पक्ष्यांचे व गुरांचे पाय गुंततात.

ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनीं पाणी निवळूं लागेपर्यंत तीन जिगा तयार ठेवाव्या, आणि हिवाळा संपतांच आपल्या नोंदवह्या शास्त्राच्या तासास आणाव्या. आपण सर्वांच्या वह्यांची बेरीज फळ्यावर करूं. डोळ्याची जिग हरली तरी चालेल. आंकडे मात्र खरे असले पाहिजेत.